केडगावच्या माळावरची कृपा

१८९६ साली मध्य प्रांतात पावसाने दगा दिला. त्याआधीची दोन-तीन सालेही धड गेलेली नव्हती. कणग्या रिकाम्या होत्या, सावकाराच्या दारी पत उरली नव्हती, आणि माणसे गावे सोडून रस्त्याला लागली होती. सरकारने खडी फोडण्याची, तलाव खणण्याची कामे काढली. ज्यांच्या अंगात तेवढेही त्राण नव्हते त्यांच्यासाठी आश्रयस्थाने उघडली. तिथवर पोचणारी माणसे बहुधा हाडांचे सापळे होऊनच पोचत. ही वर्णने पुण्यात पंडिता रमाबाई वाचत होत्या. त्या तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. सात वर्षांपूर्वी त्यांनी काढलेल्या शारदा सदनात विधवा मुली शिकत होत्या, आणि त्या कामाच्या खर्चाची हमी अमेरिकेत बॉस्टनला त्यांच्या नावाने निघालेल्या मंडळाने दहा वर्षांपुरती घेतलेली होती.

बातम्या वाचल्या आणि रमाबाई तडक निघाल्या, असे झाले नाही. त्या घाबरल्या. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, आणि त्यांच्या आयुष्याची गोष्ट सांगताना आपण ते गाळू नये असे मला वाटते. बॉस्टनहून येणारा पैसा उच्चवर्णीय बालविधवांच्या शिक्षणासाठी होता. दुष्काळातल्या अनाथ मुली आणल्या तर त्यांना ठेवायचे कुठे, खाऊ काय घालायचे, आणि एकदा आणल्यावर वर्षभराने पैसे संपले तर परत कुठे सोडायचे? हातात शिल्लक फारशी नव्हती.

भीतीचे आणखी एक कारण होते, आणि ते वीस वर्षे जुने होते. उपाशी मरणे म्हणजे काय हे रमाबाईंना वर्तमानपत्रातून कळायची गरज नव्हती.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. तरुणपणी पुण्यात शिकत असताना आपले गुरू पेशव्यांच्या राणीला संस्कृत शिकवतात, हे त्यांनी पाहिले होते. बाईच्या तोंडून शुद्ध श्लोक ऐकून ते इतके भारावले की आपल्या बायकोलाही हे शिकवायचे असे त्यांनी मनाशी ठरवले. नातलगांचा आणि धर्ममार्तंडांचा रोष पत्करून त्यांनी लक्ष्मीबाईंना शिकवलेही. सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात त्यांनी घर आणि पाठशाळा थाटली. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आतिथ्य आणि दानधर्म यांत घर रिकामे झाले, आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले ते कायमचेच. देवळात नाहीतर घाटावर बसून पुराण सांगायचे, कुणी घालील ते खायचे, उरेल ते दान करायचे. रमाबाई आईकडून शिकल्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते.

१८७४ पासून मद्रास इलाख्यात दुष्काळाची छाया पडू लागली. डोंगरे कुटुंबाजवळचे पैसे संपले, मग दागिने, मग भांडी. रमाबाईंनी या दिवसांविषयी जे लिहिले आहे ते वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा टोचते. या माणसांना सगळी शास्त्रे येत होती, पण पोट भरण्याजोगे एकही काम येत नव्हते. मोलमजुरी करायची तर विद्येचा आणि कुळाचा अभिमान आड येई. भीक मागायची तर जीभ उचलत नसे. देव काहीतरी चमत्कार करील म्हणून ते जप, उपास आणि दाने करीत राहिले. शेवटी रानातला पाला खाण्याची पाळी आली. वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास पुढे झाला आणि म्हणाला की मी कुलाभिमान सोडून मजुरी करीन. त्या दिवशी समाधी टळली, पण वडील फार दिवस राहिले नाहीत. मरणापूर्वी त्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. संन्यास घेऊन देह ठेवल्यामुळे त्यांना पुरायचे होते. खांदा द्यायला कुणी नाही. मुलाने वडिलांचा देह धोतरात गाठोड्यासारखा बांधून पाठीवर वाहून नेला.

मग आई गेली. तिच्या वेळी कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. स्मशान काही मैल दूर होते, आणि रमाबाई इतक्या ठेंगण्या की खांद्याऐवजी त्यांना ताटीचा भार डोक्यावर घ्यावा लागला. थोड्याच काळात थोरली बहीणही गेली. उरलेली दोघे बहीण-भाऊ हजारो मैल पायी हिंडली. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरायला काही नव्हते, म्हणून वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणून, मान तेवढी बाहेर ठेवून त्यांनी रात्र काढली होती.

या मुलीला १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली आणि वाचायला सांगितले. कलकत्त्यातच तिने पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थना पाहिली. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून बसलेले पाहून ही मंडळी खुर्च्यांचीच पूजा करतात की काय, असे तिला वाटले. १८८० मध्ये श्रीनिवास गेला. त्याच वर्षी तिने बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषा वेगळी. सिलचरला नवऱ्याच्या पुस्तकांत तिला बंगालीतले लूकचे शुभवर्तमान सापडले. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबिहारी पटकीने गेले. चोवीस वर्षांची विधवा तान्ही मुलगी घेऊन पुण्याला आली.

पुण्याने तिचे स्वागत केले. रानडे, भांडारकर यांच्या वर्तुळात ती वावरली, तिने आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिली, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्री-डॉक्टरांची आणि शिक्षिकांची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकायचे म्हणून १८८३ मध्ये ती इंग्लंडला गेली. तिथे कळले की कान अधू झाले आहेत आणि तेवढ्यासाठी वैद्यकाचे दार बंद आहे. तिच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज गावी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या थंडीत, मांडीवर दोन वर्षांची पोर, आणि हा घाव.

याच वर्षातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. वाँटेजच्या ख्रिस्ती मठातल्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपले एक घर दाखवायला नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायका तिथे होत्या. त्यातल्या काही इतक्या सुधारल्या होत्या की त्या आता दुसऱ्या तशाच बायकांची सेवा करीत होत्या. रमाबाईंना हे नवे होते. त्यांनी वाचलेल्या शास्त्रांत अशा बाईसाठी दंड होता. तिला जवळ करणारे त्यांना कुठे दिसले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका जोगिणीने त्यांना विहिरीवर येशूला भेटलेल्या शमरोनी बाईची गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानातून वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला म्हणून त्या मुकाट्याने कुणाच्या ओंजळीने पाणी प्यायला लागल्या, असे नाही. त्रैक्यावर त्यांनी वाद घातले, धर्मगुरूचा शब्द अखेरचा मानायला नकार दिला, शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमच्या देशाला संस्कृत जवळची, असेही त्यांनी सुनावले. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला की ही बाई कृपेच्या नावाखाली स्वतःची बुद्धी गहाण टाकणाऱ्यांपैकी नव्हती, याची खात्री पटते.

तरी ज्याला त्या स्वतः खरे वळण म्हणतात ते आठ वर्षांनी आले. मधल्या काळात त्या अमेरिकेला गेल्या. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला त्या हजर होत्या. त्यांचे इंग्रजी पुस्तक गाजले, बॉस्टनला त्यांच्या नावाचे मंडळ निघाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. काम चालले होते, नाव होते, मन मात्र अस्वस्थ होते. विल्यम हॅझलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले. हा माणूस वर्षानुवर्षे पाद्री होता आणि मग त्याला उमगले की आपल्याला धर्म मिळाला आहे, तारणारा मिळालेला नाही. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो बुद्धीला पटला म्हणून; पण आपल्या पुण्याईने, आपल्या चांगुलपणाने देवाला पटवून द्यायची जुनी सवय तशीच राहिली आहे, असे त्यांनी ओळखले. कृपा ही कमवायची नसते, ती फुकट मिळते आणि हात पसरून घ्यायची असते, हे त्यांना १८९१ च्या सुमारास उमगले. लहानपणी ज्या घरात सगळे काही दानाने, उपासाने, पारायणाने मिळवायचे असते, त्या घरातल्या मुलीला हे कळायला केवढा पल्ला गाठावा लागला असेल, याचा अंदाज आपण करू शकतो.

याची किंमत लगेच द्यावी लागली. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. सदनातल्या काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. सदनात धर्म शिकवला जाणार नाही असे वचन होते. रमाबाईंचे म्हणणे असे की मी शिकवत नाही, पण माझी प्रार्थना दार लावून चोरून करणार नाही. १८९३ मध्ये वादळ उठले. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी पंचवीसेक मुली काढून नेल्या. सुधारकांची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. त्यांनी आपल्या शब्दावर लोकांच्या मुली तिथे पाठवल्या होत्या. एवढे मात्र खरे की याच सदनाची पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी त्याच वर्षी विवाह केला, आणि महाराष्ट्रातल्या विधवांच्या शिक्षणाची पुढची मोठी वाट त्या घरातून निघाली.

माणसे सोडून गेली, त्या पोकळीत रमाबाई ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचे आणि चीनमध्ये काम केलेल्या हडसन टेलरचे चरित्र वाचत होत्या. म्यूलरने हजारो अनाथ मुले पोसली ती कुणाकडेही वर्गणी न मागता. गरज देवापुढे मांडायची आणि येईल त्यावर चालायचे. हे इथे का होऊ नये, असे रमाबाईंना वाटू लागले. पण त्यांच्या स्वभावाचा दुसरा धागा इथेच दिसतो. देव पुरवील म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. बॉस्टनची दहा वर्षे संपतील तेव्हा संस्था आपल्या पायावर उभी राहावी म्हणून त्यांनी दुष्काळाच्या आधीच पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रेल्वेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली. माळरानच ते. तिथे विहिरी खणायला घेतल्या, फळझाडे लावली. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्याला त्या आपल्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. पहाटे रानात एकट्याच बसून त्यांनी देवाकडे मागितले की या पंधरांचा वर्ग कर, पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस दे. मागताना त्यांना स्वतःलाच ते अशक्य वाटत होते. इतक्या मुली येणार कुठून?

त्या वर्षाअखेर उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. घाबरलेल्या रमाबाई शेवटी मध्य प्रांतात गेल्या. त्यांनी तिथे जे पाहिले ते त्यांच्या लेखणीने लपवले नाही. दुष्काळी कामांवर अन्नासाठी आलेल्या तरुण मुलींवर मुकादमांची आणि शिपायांची नजर होती. कुंटणखान्यांचे दलाल आश्रयस्थानांभोवती घिरट्या घालत होते. धान्य देणाऱ्या हाताला मुलीने काय द्यायचे याचा भाव ठरलेला होता. स्वतः त्याच वयात, तशाच भुकेने रस्त्यावर हिंडलेल्या बाईला हे पाहवले नाही. आपल्याला त्या वेळी कुणी वाचवले, असे त्यांनी स्वतःला विचारले असणार. वडिलांनी देवाच्या हाती दिले होते, त्या हाताने वाचवले, हे त्यांचे उत्तर होते आणि तसे त्यांनी लिहिलेही आहे. मग आता तो हात आपण व्हायचे. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी आणि त्यांच्या सोबतिणींनी सुमारे तीनशे मुली आणि बायका आणल्या. दोनशे पंचवीस मागितले होते, त्याहून जास्त पदरात पडले.

इथे शारदा सदनाचा पाया बदलला. तोवर तिथे ब्राह्मण स्वयंपाकीण होती, सोवळे पाळायची सोय होती. आता आलेल्या मुली कुठल्याही जातीच्या होत्या. कुणबी, गोंड, अस्पृश्य. जटा झालेले केस, अंगभर फोड, पोटात जंत, वर्षभर धड न जेवल्याने अन्नावर झडप घालायची सवय. अन्न लपवून ठेवीत, एकमेकींच्या हातातले ओढीत. त्यांना न्हाऊमाखू घालायचे, बेताने जेवू घालायचे (एकदम पोटभर दिले तर जीव जायचा धोका) आणि रात्री उठून पाहायचे की कोण जिवंत आहे. आणलेल्या सगळ्या जगल्या नाहीत.

त्यातच पुण्यात प्लेग आला. १८९७ च्या सुरुवातीला सरकारी निर्बंध असे की बाहेरच्या माणसांची अशी गर्दी शहरात ठेवता येईना. मुली केडगावला नेल्या. तंबू ठोकले, झोपड्या घातल्या. रमाबाई या धावपळीतही गप्प बसल्या नाहीत. प्लेगच्या दवाखान्यांतल्या आणि छावण्यांतल्या कारभारावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये कडक पत्र लिहिले आणि ते सरकारला चांगलेच झोंबले. इंग्रजांच्या धर्मात गेलेली बाई इंग्रजांचीच बाजू घेईल, असे ज्यांना वाटत होते त्यांना हे पत्र वाचून विचार करावा लागला असेल.

अशा रीतीने तात्पुरता तळ म्हणून मांडलेले केडगाव ‘मुक्ती’ झाले. १८९८ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, मंडळाच्या दहा वर्षांचा हिशेब देऊन आल्या. त्यांच्या गैरहजेरीत मिनी एब्रम्स या अमेरिकन मेथडिस्ट बाईंनी केडगाव सांभाळले. परत आल्या आणि दीड-दोन वर्षांत दुसरा, आणखी मोठा दुष्काळ कोसळला. गुजरात-राजपुतान्यात तो विक्रम संवताच्या हिशेबाने छप्पनचा दुष्काळ म्हणून आजही आजी-आजोबांच्या बोलण्यात येतो. पुन्हा सोबतिणी बाहेर पडल्या, पुन्हा रेल्वेच्या डब्यांतून मुली आल्या. १९०० साली केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना रोज दोन वेळा जेवण म्हणजे काय, ते एखाद्या दिंडीच्या पंगतीची व्यवस्था पाहणाऱ्यालाच कळेल, आणि दिंडी तरी काही दिवसांत परत फिरते. इथे रोज जोंधळा दळायचा, भाकऱ्या थापायच्या, धुणी धुवायची, आजारी माणसे वेगळी ठेवायची. आणि आजूबाजूचा मुलूख कोरडा. रमाबाईंनी त्या वर्षीच्या पाण्याविषयी लिहिले आहे. सुमारे १,९०० माणसे, शंभरावर जनावरे, शिवाय बांधकाम चालू. आणि भिस्त दोन विहिरींवर. संध्याकाळी विहिरींचा तळ दिसे, आता उद्या काय या काळजीने झोप यायची नाही, आणि सकाळी दिवसापुरते पाणी झऱ्यांतून जमलेले असे. त्यांनी याला देवाची कृपा म्हटले. भूजल जाणणारा याचे वेगळे स्पष्टीकरण देईल आणि तेही बरोबरच असेल. मला त्या मजकुरात महत्त्वाचे वाटते ते असे की विहिरी दुष्काळाच्या आधी खणलेल्या होत्या. माळावर घाम गाळून खणलेल्या विहिरीला रोज सकाळी किती पाणी येईल हे मात्र खणणाऱ्याच्या हातात नव्हते. रमाबाईंचा विश्वास या दोन गोष्टींच्या मधोमध उभा होता.

वडिलांच्या घरातल्या उपासमारीने त्यांना एक धडा दिला होता तो केडगावच्या दिनक्रमात ठिकठिकाणी दिसतो. एकही मुलगी नुसती पोथी शिकून बाहेर पडणार नाही. हातमाग, शिवण, तेलाचा घाणा, गोठा, शेती, स्वयंपाक, बांबूकाम, आणि छापखाना. ज्या घरात कुलाभिमानापायी आई-बाप उपाशी मेले, त्या घरातल्या मुलीने इथे ब्राह्मण विधवेला मोट आणि खुरपे धरायला लावले. अंध मुलींसाठी वेगळे घर होते. मनोरमेने ब्रेल शिकून त्यांना वाचायला शिकवले, आणि त्यांतल्या कितीजणी वेताचे काम करीत. म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन निघाले. आणि फुलहॅमला पाहिलेले ते घर रमाबाई सोळा-सतरा वर्षे मनात बाळगून होत्या, ते केडगावला उभे राहिले. दुष्काळात अब्रू गेलेल्या, रोग जडलेल्या, कुणीच घरात न घेतलेल्या बायकांसाठीच्या त्या घराचे नाव त्यांनी कृपा सदन ठेवले. माझ्या मते रमाबाईंच्या श्रद्धेचा सगळ्यात पक्का पुरावा प्रवचनांपेक्षा त्या घरात आहे. तिथल्या बायका शिव्या देत, मारामाऱ्या करीत, पळून जात, परत येत, आणि परत आलेल्या बाईला दार उघडले जाई.

धर्मांतराचा प्रश्न इथे टाळून चालणार नाही. भुकेने आलेल्या पोरक्या मुलीने ज्या छताखाली अन्न मिळते त्याच छताखालचा देव मानला, तर ती निवड कितपत मोकळी, असे तेव्हाही विचारले गेले आणि आजही विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. रमाबाई तो नाकारीत नव्हत्या की लपवीत नव्हत्या. १८९३ नंतर त्यांनी उघडच म्हटले की केडगाव ही ख्रिस्ती संस्था आहे. त्यांच्या दृष्टीने भाकरी देऊन कृपा राखून ठेवणे हे अर्धेच देणे होते. यावर माणसांचे मतभेद राहतील. पण त्या वर्षी त्या मुलींना उचलायला दलालांखेरीज फार थोडे लोक गेले होते, हेही त्या वादात बोलले गेले पाहिजे.

१९०५ च्या सुरुवातीपासून रोज सकाळी सत्तरेक जणी प्रार्थनेला जमू लागल्या. वेल्समध्ये चाललेल्या धर्मजागृतीच्या बातम्या आल्या होत्या. जूनअखेर मुली रडू लागल्या, मोठ्याने पापे कबूल करू लागल्या, तासन्‌तास प्रार्थनेत राहू लागल्या. शांत इंग्रजी उपासनेची सवय असलेल्या पाहुण्यांना तो गोंगाट पटला नाही. रमाबाई म्हणाल्या की आपल्या लोकांना आपल्या पद्धतीने देवाला हाक मारू द्या. मिनी एब्रम्स यांनी यावर लिहिलेली पुस्तिका पुढे दक्षिण अमेरिकेतल्या चिलीपर्यंत पोचली आणि तिथल्या मंडळीत नवी चळवळ सुरू व्हायला ती कारण झाली. पुणे जिल्ह्यातल्या एका रेल्वे स्टेशनाजवळच्या अनाथ मुलींची ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

याच सुमारास त्यांनी अखेरचे मोठे काम हाती घेतले. प्रचलित मराठी बायबल त्यांना जड वाटे. खेड्यातून आलेल्या मुलीला, पुराणातली संस्कृत कधी न ऐकलेल्या बाईला ते वाचून कळावे असे भाषांतर त्यांना हवे होते. ज्या बाईची सारी प्रतिष्ठा संस्कृतवर उभी होती ती आता ठरवून संस्कृत शब्द वगळू लागली. मूळ भाषांतून करायचे म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कान जवळजवळ गेलेलेच होते. पहाटे उठून लिहीत, आणि मुक्तीच्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत.

मनोरमा आता त्यांचा उजवा हात होती. तिने अमेरिकेत शिक्षण घेतले होते, मुंबई विद्यापीठाची बी. ए. होती, शारदा सदन चालवीत होती, आणि गुलबर्ग्याला तिने शाळा काढली होती. सगळे तिच्यावर सोपवायचे ठरलेले होते. १९२१ च्या जुलैत ती मिरजेच्या इस्पितळात वारली, चाळिशीतच. आई-बाप, बहीण, भाऊ, नवरा, आणि आता मुलगी. कृपेवर विसंबणाऱ्याच्या घरी मरण येत नाही, असे रमाबाईंनी कधी कुणाला सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांना आपले काही बोलणे मागे घ्यावे लागले नाही. मुलीच्या जागी त्यांनी दुसऱ्या बाईंची नेमणूक केली, कामाची वाटणी लावली आणि भाषांतराची मुद्रिते तपासायला पुन्हा बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्या गेल्या. चौसष्टावे वर्ष पुरे व्हायला अठरा दिवस होते. मुक्तीच्या मुलींनी छपाई चालू ठेवली, आणि १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून झाले.